सहाचा जोडीदार

तोंडात कापसाचे दोन बोळे, थुंकी ओढणारी नळी आणि अर्धी जीभ बधिर, अशा अवस्थेत माणूस खोटं बोलू शकत नाही, असं मला त्या बुधवारपर्यंत वाटत होतं. डोक्यावर दिवा होता आणि दिव्याच्या चकचकीत कडेत स्वतःचाच उघडा जबडा दिसत होता, म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. आमचे जुने दातांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि दवाखाना कुणा बाईंनी घेतला, एवढंच मला ठाऊक होतं. दाढ ठणकत असताना पाटीवरचं नाव कोण वाचत बसतो? बाईंच्या तोंडावर मास्क होता, डोळ्यांवर मोठा चष्मा होता आणि आवाज शांत होता. "दुखलं तर डावा हात वर करा," म्हणाल्या. मग बराच वेळ ते यंत्र दाढेत घरघरत राहिलं. ते थांबल्यावर त्याच शांत आवाजात त्या म्हणाल्या, "दादा, ओळखलं नाहीत ना? मी पेन्सिल."

मला दादा म्हणणारी माणसं एकाच ठिकाणी तयार होतात, आमच्या चर्चच्या तरुण संघात. मी डोळे उघडले. मास्कच्या वर ते डोळे होते खरे, पण पेन्सिल म्हणजे सतरा वर्षांची, उंचच उंच, काटकुळी, कायम मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभी राहणारी मुलगी. तिचं वजन वाढेल, तिला चष्मा लागेल आणि ती माझ्या तोंडात हात घालेल, हे काही केल्या डोक्यात बसेना. ती हसली असावी, कारण मास्क हलला. "विचारायचं नसतं, माहितीय मला. नियम तुमचाच. पण एकोणीस वर्षं झाली, आज एकदाच विचारते. अजून सहाला असता ना?" आणि मी मान हलवली. दोन उशांमध्ये डोकं अडकलेलं असताना जेवढी हलते तेवढीच हलवली, पण वरखाली हलवली. "वाटलंच मला," ती म्हणाली. "मीही असते. एक दिवस चुकवला नाही, दादा. बाळ झालं त्या दिवशीसुद्धा." मग तिनं क्षणभर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चूळ भरा."

बाहेर पडलो तेव्हा अर्धा चेहरा माझा नव्हता. दवाखान्यापासून घर चालत वीस मिनिटांवर आहे. मी चाळीस मिनिटं घेतली. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापाशी उभा राहून काचेतल्या फ्रेम्स पाहत राहिलो आणि मनात मात्र वर्षं मोजत होतो. एकोणीस वर्षं. रोज. आणि मी किती दिवस? ते मोजायची गरज नव्हती. तो आकडा मला पाठ होता आणि इतकी वर्षं तो कुठे दडून बसला होता देव जाणे. अकरा. मी अकरा दिवस सहाला उठलो होतो.

मी तरुणांचा पाळक आहे. तरुणांच्या पाळकानं स्वतः तरुण असावं असा काही नियम नाही, पण माझ्या गुडघ्यांचं मत वेगळं आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षीही शनिवारी दुपारी मी एकटाच एकतीस खुर्च्या गोलात मांडतो, प्रोजेक्टरची वायर चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवतो, टेबल टेनिसची जाळी बुटाच्या नाडीनं बांधतो आणि मुलांचे फोन गोळा करायला दाराशी टोपली ठेवतो. टोपलीत फोन पडतात, पण जुने, बंद पडलेले. चालू फोन खिशातच राहतात, हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. उपासना संपली की माणसं मला व्हरांड्यात गाठतात. कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली असते, कुणाची मुलगी बोलत नसते, कुणाचा रिपोर्ट यायचा असतो. मी त्यांचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "प्रार्थनेत आठवण ठेवतो." मनापासून म्हणतो. पण मंगळवारपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असतं. कचेरीतला माणूस 'बघतो' म्हणतो ना, तसं आमच्या कामातलं हे 'बघतो'. फरक इतकाच, की कचेरीतल्या 'बघतो'वर कुणी विसंबून राहत नाही.

हे सहाचं जिथे सुरू झालं त्या शिबिराला मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि नुकताच नेमला गेलो होतो. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका शाळेत आम्ही पाच दिवस राहिलो. बाकं ओढून एका बाजूला केलेली, वर्गात सतरंज्या, सगळीकडे खडूचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. माझ्याकडे तेव्हा एक गिटार होती, जिच्यावर मला चार सूर येत होते, आणि त्या चार सुरांवर मी पाच दिवस काढले. रात्री मुलं झोपायची नाहीत आणि सकाळी उठायची नाहीत, आणि मला वाटायचं, याच्यापेक्षा चांगलं काम जगात नाही. आजही तो वास कुठे आला की पाय थबकतात. कधीकधी रिकाम्या वर्गाच्या दारात मी उगाच उभा राहतो, आणि मग शिपाई विचारतो, काय हवंय? त्याला काय सांगणार, की मी तिथे अठ्ठावीस वर्षांचा होतो!

शेवटच्या दिवशी मी प्रार्थनेच्या जोड्या लावल्या. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याला जी चिठ्ठी आली तो त्याचा जोडीदार. दोघांनी एकमेकांना आपला एकेक विषय सांगायचा, आणि मग रोज सकाळी सहा वाजता, आपापल्या घरी बसून, एकमेकांच्या विषयासाठी प्रार्थना करायची. फोन करायचा नाही, भेटायचं नाही. आणि मुख्य नियम म्हणजे जोडीदाराला 'केलीस का?' असं कधीही विचारायचं नाही. विचारलंत तर तो हिशेब होतो, विश्वास होत नाही, असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वाक्य मला इतकं आवडलं की खाली दोन रेघा मारल्या. मुलं सत्तावीस होती. सत्तावीसच्या जोड्या लागत नाहीत एवढं गणित मला तेव्हा सुचलं नाही, माझ्या बायकोला सुचलं असतं. चिठ्ठ्या संपल्या आणि पेन्सिल भिंतीपाशी एकटी उरली. हात मागे बांधून, आपल्याला काही फरक पडत नाही असा चेहरा करून ती उभी होती. मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ही माझी जोडीदार." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला आवडल्या होत्या, हेही सांगायला हवं.

आम्ही शाळेच्या पायरीवर बसून विषय सांगितले. माझा विषय मला स्वच्छ आठवतो, कारण तो मी घरूनच तयार करून आणला होता. "माझ्या बोलण्यात सामर्थ्य यावं." तिनं तो वहीत लिहून घेतला. आणि तिचा? तिथे येऊन माझी आठवण भिंतीला आपटते. ती बोलत होती, बुटाच्या टोकानं पायरीवरची माती सारत होती, आणि मी मान डोलावत होतो, हे दिसतं. शब्द ऐकू येत नाहीत. आत मुलं सामान बांधत होती, बस यायची होती, माझं अर्धं लक्ष बसकडे होतं. अकरा दिवस मी तिच्यासाठी प्रार्थना केली ती याच विषयाची केली ना? मग तो गेला कुठे?

ते अकरा दिवस मात्र आठवतात. तेव्हा मी आईकडे मागच्या खोलीत राहत होतो. पहाटे गजर व्हायचा, मी खुर्ची खिडकीशी ओढायचो, पायांवर चादर घ्यायचो. खाली बेकरीचं शटर उघडायचं आणि गरम पावाचा वास वर यायचा. त्या वासात मी पेन्सिलचं नाव घ्यायचो, आणि मग गप्प बसून राहायचो. प्रार्थना कशी करावी यावर मी पुढे पुष्कळ बोललो आहे, तीनतीन मुद्दे काढून बोललो आहे, पण त्या खुर्चीत एकही मुद्दा नव्हता. कुणीतरी माझं ऐकत होतं आणि दूर कुठेतरी एक पोरगी त्याच वेळी त्यालाच माझ्याबद्दल सांगत होती. मला रडू यायचं, चांगलं रडू. नंतरच्या एकोणीस वर्षांत तसं झालं नाही. देव कुठे गेला, माझ्या आयुष्यात कोरड का पडली, असे प्रश्न मी मोठेमोठे करून स्वतःला विचारले. उत्तर साधं होतं. बाराव्या दिवशी थंडी होती. गजर झाला, मी तो बंद केला आणि म्हणालो, उद्या दोनदा करू. जशी काही आंघोळच.

एका वर्षानं तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते लोक गेले. निरोपाच्या दिवशी तिनं मला काही विचारलं नाही. नियमच होता.

घरी आलो तर बायको वह्या तपासत होती. ती शाळेत गणित शिकवते. माझा सुजलेला ओठ पाहून तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि मी ओघळत्या तोंडानं सगळं सांगितलं. तिनं लाल पेन खाली ठेवलं. "मान का हलवलीस?"

"हलली."

"अशी हलत नाही मान. हलवावी लागते." मग म्हणाली, "सांगणार आहेस तिला?"

"सांगायला नको?"

"अरे, तुझं पोट साफ होईल आणि तिचं दुखायला लागेल. एकोणीस वर्षं ती काहीतरी धरून उभी आहे. तू जाऊन ते काढून घेणार आणि वर म्हणणार, मी प्रामाणिक आहे. उद्यापासून ऊठ की सहाला. मुकाट्यानं ऊठ आणि तोंड बंद ठेव."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिचं नेहमीच बरोबर असतं, म्हणून तर मी सगळं तिला सांगतो आणि मग त्यातलं निम्मं ऐकत नाही. त्या रात्री मी साडेपाचचा गजर लावला. सकाळी उठलोही. खुर्चीत बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो. कुणासाठी ते माहीत होतं, कशासाठी ते माहीत नव्हतं. देवाला तिचा विषय ठाऊक असणार, पण त्याच्यासमोर बसून 'ते तिचं जे काय होतं ते' असं म्हणताना मला माझीच शिसारी आली. शिवाय ती या क्षणी तिकडे बसलेली असणार आणि माझ्या बोलण्यात सामर्थ्य मागत असणार. ते तर तिला कधीच मिळालं होतं! मी बोलायला उभा राहिलो की सभागृह शांत होतं. माणसं डोळे पुसतात. दुसऱ्या गावांतून बोलावणी येतात. बोलण्यात सामर्थ्य आलं आणि बाकी कशातच आलं नाही. बिचारी रोज उठून माझं तेवढंच अंग पोसत राहिली होती.

त्या शनिवारी मी मुलांसमोर विश्वासू असण्याबद्दल बोललो. विषय महिन्यापूर्वीच ठरलेला होता, नाहीतर मी शपथेवर सांगतो, टाळला असता. वीस मिनिटं बोललो. खिशातल्या फोनकडेही कुणाचा हात गेला नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी, जिला आम्ही सगळे कंटाळाबाई म्हणतो, ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती. माझा आवाज जिथे खाली यायला हवा तिथे खाली आला, जिथे थांबायला हवं तिथे थांबला. आणि बोलता बोलता मला दिसलं की हा सगळा आवाज पेन्सिलच्या सहा वाजण्यातून आलेला आहे, आणि मी तिला त्या बदल्यात एक मान हलवून दिली आहे. मी 'आमेन' म्हटलं. मुलं खुर्च्या न आवरता पळाली. मी एकतीस खुर्च्या उचलल्या आणि प्रत्येक खुर्चीला ठरवलं, सांगायचं. मग पुढच्या खुर्चीला ठरवलं, नाही सांगायचं. एकतिसावी कोणत्या बाजूला गेली ते मला आता आठवत नाही.

बुधवारी दाढेची दुसरी बैठक होती. मी पंधरा मिनिटं आधीच जाऊन बसलो. आत गेलो तेव्हा तिनं मास्क अजून घातला नव्हता, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला तिचा पूर्ण चेहरा दिसला. हनुवटी तीच होती. "सूज उतरली की," ती म्हणाली, "आज एक इंजेक्शन, मग साफ करू." तिनं सुई उचलली आणि मी डावा हात वर केला.

"अजून टोचलंच नाही, दादा."

"आधी बोलायचंय. नंतर जीभ चालणार नाही." ती थांबली. मदतनीस बाई कपाट लावत होत्या. पेन्सिलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या बाहेर गेल्या. छताकडे पाहत बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. "मागच्या वेळी मी मान हलवली. खोटी हलवली. मी अकरा दिवस उठलो, पेन्सिल. फक्त अकरा दिवस. बाराव्या दिवशी झोपून राहिलो आणि मग पुन्हा उठलोच नाही." माझ्या बोलण्यात काहीच सामर्थ्य नव्हतं.

तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली, ती ठेवल्याचा बारीक आवाज आला. बाहेर कुणीतरी फोनवर पुढच्या आठवड्याची वेळ देत होतं. मग तिनं विचारलं, "माझा विषय काय होता, आठवतो?"

"नाही."

"काहीच नाही?"

"तू बुटानं माती सारत होतीस. एवढंच आठवतं."

ती फिरत्या स्टुलावर बसली. आता तिचा आवाज माझ्या कानाच्या मागून येत होता. "सकाळी जाग आली की मला भीती वाटायची. कशाची ते कळायचं नाही. घरात सगळं नीट होतं, वडील चांगले होते, आई चांगली होती. म्हणून कुणाला सांगताही यायचं नाही. तुम्हाला सांगितलं, आणि म्हटलं हसू नका. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, भीती जाईल की नाही ते मला माहीत नाही, पण सहा वाजता तू एकटी नसशील."

हे मी म्हणालो होतो? इतकं चांगलं वाक्य मी म्हणालो आणि विसरलो?

"भीती गेली नाही," ती सांगत होती. "अजून येते. पण सहाला ती यायची आणि तुम्हीही यायचात, म्हणून भागायचं. परीक्षेच्या दिवसांत भागलं. आई गेली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसले होते, घड्याळ पाहिलं, सहाला पाच कमी. म्हटलं, चला, दादा आता खुर्चीत बसत असतील." तिचा आवाज जरा चिरकला. "खुर्ची तरी खरी होती का?"

"होती. अकरा दिवस."

"हे मला का सांगितलंत? बरं वाटावं म्हणून?"

"वाटलं नाही बरं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. पण ठीक नव्हतं, ते तिच्या श्वासावरून कळत होतं. मी क्षमा मागितली. ती मागायला मी अनेकांना शिकवलं आहे. स्वतः मागताना शब्द चुकले. तिनं मास्क चढवला, चष्मा लावला, दिवा ओढला. मला वाटलं, आता म्हणेल, दुसरीकडे जा. "उद्या सकाळी सहाला मी काय करू, दादा?" तिनं विचारलं. ती मला टोचून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. सतरा वर्षांच्या मुलीनं विचारावं तसं विचारत होती. एकोणीस वर्षं माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन माझं पोट भरलं आहे. मी असेन, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते एकदा म्हणून झालं होतं. "उघडा," ती म्हणाली, आणि मी उघडलं. मला वाटलं होतं, तिचा हात आज जड पडेल. पडला असता तर सोसलं असतं. पण सुई कधी आत गेली ते कळलंसुद्धा नाही. तासभर ती माझ्या तोंडावर वाकून काम करत राहिली, दर पाच मिनिटांनी 'दुखत नाही ना?' विचारत राहिली, आणि माझ्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत जात राहिलं. तिनं ते दोनदा कापसानं टिपलं. दाढ दुखत नाही हे तिला माहीत होतं.

घरी मी बायकोला सांगितलं की सांगून आलो. जेवताना तिनं माझ्यासाठी सगळं मऊ करून वाढलं, यावरून काय समजायचं ते मी समजलो.

दुसऱ्या दिवशी गजराच्या आधीच जाग आली. स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीशी ओढली तर तिच्या पायाचा करकर आवाज झाला आणि आतून बायकोनं कूस बदललेली ऐकू आली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. समोरच्या इमारतीत एक दिवा होता, तोही कुणीतरी मालवला. सहाला चार कमी होते, तीन कमी होते. माझ्याकडे आता विषय होता. सकाळची भीती. मी ती माझी करून पाहिली. पेन्सिल उठली असेल का? की एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं गजर बंद करून कूस बदलली असेल? फोन उचलून विचारावंसं वाटलं, इतकं वाटलं की मी हात मांडीखाली दाबून धरला. नियम माझाच होता. सहा वाजले. पलीकडे कुणी आहे की नाही, मला कळायला काहीच मार्ग नव्हता. मी तिचं नाव घेतलं.